जोड्या सांभाळणाऱ्याचा पगार कोण देणार?

नाशिकमध्ये चांगली माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. नोट प्रेसमधून आणि एचएएलमधून निवृत्त झालेले कामगार, बँकांतले अधिकारी, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले इंजिनिअर, गंगापूर रोडच्या महाविद्यालयांतले प्राध्यापक आणि विद्यार्थी, यांना विचारून पाहा: एखाद्या मुलासाठी किंवा मुलीसाठी आठवड्यातला एक तास द्याल का? पुष्कळ जण लगेच हो म्हणतात आणि मनापासून म्हणतात. तरीही एका मोठ्या माणसाने एका मुलाला वर्षभर धरून राहावं, असे मेंटरिंगचे उपक्रम या शहरात मूळ धरत नाहीत. होकार देणारा माणूस आणि ते मूल यांच्या जोडीमध्ये उभं राहणारं, रोज तेवढंच काम करणारं पगारी माणूस, म्हणजे समन्वयक, आपण नेमत नाही, हे त्याचं कारण आहे. दप्तरं-वह्या वाटायला पैसे मिळतात, उद्घाटनाच्या मंडपाला मिळतात. समन्वयकाच्या पगाराला मिळत नाहीत. आमचं म्हणणं असं की तो पगार आधी ठरवा आणि मगच स्वयंसेवकांची नावं नोंदवा. पगाराची सोय नसेल तर मेंटरिंगचा उपक्रम सुरूच करू नका. अर्धवट उपक्रमाने मुलांचं नुकसान होतं.

हे नुकसान कल्पनेतलं नाही. अमेरिकेत एकास एक मेंटरिंगची संघटित चळवळ १९०४ साली न्यू यॉर्कच्या बाल न्यायालयातून सुरू झाली. अर्नेस्ट कूल्टर नावाचा न्यायालयाचा एक कर्मचारी रोज त्याच त्या पोरांना कठड्यात उभं राहताना पाहत होता. त्याने शहरातल्या प्रतिष्ठित लोकांना एकेका मुलाची जबाबदारी घ्यायला सांगितलं. त्यातून पुढे 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' ही संस्था उभी राहिली. या संस्थेच्या कामाची कसून तपासणी झाली आणि तिचा अहवाल १९९५ मध्ये आला. दहा ते सोळा वयाची ९५९ मुलं, त्यांपैकी निम्म्यांना मेंटर दिला, निम्म्यांना प्रतीक्षायादीत ठेवलं आणि दीड वर्षाने दोन्ही गटांची तुलना केली. मेंटर मिळालेल्या मुलांचे शाळा बुडवण्याचे दिवस दुसऱ्या गटाच्या जवळपास निम्मे होते, आणि नव्याने अमली पदार्थांकडे वळण्याचं प्रमाणही ४६ टक्क्यांनी कमी होतं. मेंटरिंगची जाहिरात करणारे लोक एवढंच सांगून थांबतात. पण त्याच मुलांची माहिती पुन्हा तपासून २००२ मध्ये दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की फायदा प्रामुख्याने वर्ष किंवा जास्त काळ टिकलेल्या जोड्यांना झाला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांमधल्या मुलांची स्वतःच्या नजरेतली किंमत उलट घसरली होती. ज्या मुलाला मोठी माणसं सोडून जातात याची सवय आहे, त्याला आपण आणखी एक सोडून जाणारा माणूस आणून दिला, असा याचा अर्थ.

पहिल्या अहवालातली आणखी एक गोष्ट कोणी फारशी सांगत नाही. एका जोडीमागे वर्षाला सुमारे १,००० डॉलर खर्च येत होता. मेंटर तर सगळे बिनपगारी होते. मग हा पैसा जात कुठे होता? मुख्यतः पगारी कर्मचाऱ्यांवर: मुलाखती घेणारे, जोड्या लावणारे, दर महिन्याला फोन करणारे. स्वयंसेवा फुकट असते, ती चालवणं फुकट नसतं.

नाशिकमध्ये याची गरज नेमकी कोणाला आहे, हेही स्पष्ट बोललं पाहिजे. कॉलेज रोडवरच्या मुलाला मेंटर लागत नाही असं नाही. त्याला तो घरातच मिळतो. मामा एखाद्या कंपनीत असतो, वडिलांचे मित्र सीए असतात, शेजारची ताई परदेशी शिकायला गेलेली असते. डिप्लोमा करावा की बारावी, कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेरीत, पर्याय कोणत्या क्रमाने भरावेत, मुलाखतीला काय घालून जावं, हे त्याला जेवता जेवता कळतं. सुरगाणा किंवा पेठहून येऊन आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलीच्या घरी हे सांगणारं कोणी नसतं. अंबडच्या कारखान्यात कंत्राटी कामाला आलेल्या परप्रांतीय किंवा मराठवाड्यातल्या कुटुंबाचे सगळे नातेवाईक गावाकडे असतात. फुलेनगर, वडाळागाव, स्वारबाबानगर अशा वस्त्यांतल्या मुलांभोवती मोठी माणसं पुष्कळ असतात, पण सरकारी खिडक्यांशी, प्रवेशांशी, नोकरीच्या जागांशी ओळख असलेलं माणूस सापडणं कठीण. समन्वयक संस्थेने पहिला दरवाजा इथे ठोठवावा.

या शहराला ही कल्पना परकी नाही. १९१४ साली नाशिकमध्ये उदोजी मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि खेड्यातल्या शेतकऱ्यांची मुलं शहरात राहून शिकू लागली. महाराष्ट्रभर बोर्डिंगची जी परंपरा झाली, तिच्यात अन्न आणि छपरासोबत मुलाकडे लक्ष ठेवणारं वडीलधारं माणूसही गृहीत होतं. आज वसतिगृहं मोठी झाली आहेत. एका गृहपालाकडे शंभराहून जास्त मुलं असली, वर हजेरी, भोजन आणि डीबीटीची (मुलांच्या बँक खात्यात थेट पैसे जमा होण्याची) कागदपत्रं असली, तर प्रत्येक मुलाशी पाच मिनिटं बोलणंही त्याला जमणार नाही. तिथे बाहेरून एकेक माणूस येऊन उभा राहिला तर फरक पडेल. पण तो नीट निवडलेला, शिकवलेला आणि कोणाच्या तरी नजरेखाली असलेला हवा.

निवडीपासून सुरुवात करू. आमच्या मते स्वयंसेवकाची किमान पाऊण तासाची समोरासमोर मुलाखत, दोन ओळखीच्या माणसांशी फोनवर बोलणं (त्यातला एक तरी त्याला मुलांसोबत वागताना पाहिलेला), पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला आणि राहत्या पत्त्याची खात्री, यातलं काहीही वगळता कामा नये. ओळखीच्या माणसाने पाठवला आहे म्हणून पडताळणी माफ, ही आपल्याकडची नेहमीची चूक. मुलाखतीत 'तुम्हाला समाजसेवा का करावीशी वाटते' या प्रश्नाला सगळेच छान उत्तरं देतात. त्यावरून काही कळत नाही. त्याऐवजी विचारावं: सलग तीन भेटी मुलगा काहीच बोलला नाही तर तुम्ही काय कराल? त्याने तुमच्याकडे दोन हजार रुपये मागितले तर? पुढच्या वर्षभरात नोकरी, लग्न, बदली, परीक्षा, घरातलं आजारपण यांपैकी काय होऊ घातलं आहे? शेवटच्या प्रश्नावर अडखळणाऱ्यांना आदराने थांबवावं. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत असलेला तरुण कितीही तळमळीचा असला तरी त्याचं वर्ष त्याच्या हातात नसतं. आणि जो माणूस सुरुवातीलाच ठरावीक वयाचं, ठरावीक लिंगाचंच मूल हवं असा हट्ट धरतो, एकांतात भेटण्याची घाई करतो, किंवा मुलांच्या तीन-चार संस्थांतून थोड्या थोड्या दिवसांत बाहेर पडलेला असतो, त्याला घेऊ नये. कारण सांगत बसायची गरज नाही.

प्रशिक्षणासाठी अमेरिकेतल्या मेंटरिंगच्या मानकांत जोडी लावण्याआधी किमान दोन तास सांगितले आहेत. आपल्याकडे दोन तास पुरणार नाहीत. तीन-तीन तासांच्या दोन बैठका तरी हव्यात, कारण आपल्या स्वयंसेवकाला जातीविषयी बोलावं लागतं. 'तुम्हाला काय, तुम्हाला सवलती आहेत' हे वाक्य वाईट हेतूने न बोलताही तोंडातून निघतं. ज्या मुलीसमोर ते निघालं, ती त्या दिवसापासून मान डोलावते, हो म्हणते आणि काही सांगत नाही. मेंटरला वाटतं सगळं छान चाललंय. तसंच भाषेचं. सुरगाण्याकडची कोकणी-कोकणा बोली, बागलाण-मालेगावची अहिराणी. मुलाने 'पाणी'ला 'पानी' म्हटलं की लगेच दुरुस्त करायची सवय शिक्षकी पेशातून आलेल्या मेंटरना हमखास असते. पहिल्या महिन्यात अशी दहा वाक्यं दुरुस्त झाली की मूल अकरावं वाक्य बोलत नाही. हे प्रशिक्षणात नाटुकलं करून, एकाने मुलाची भूमिका घेऊन दाखवावं लागतं. सूचनांच्या कागदावर ते पोचत नाही.

दुसरी शिकवण्याची गोष्ट म्हणजे भेटींचा कार्यक्रम कोण ठरवतं. १९९५ मध्येच आलेल्या एका अभ्यासात दोन प्रकारच्या जोड्या वेगळ्या काढल्या होत्या. काही मेंटर मुलाला काय हवंय याच्या मागे गेले, आधी ओळख वाढवली आणि मग हळूहळू अभ्यास, वागणूक याकडे वळले. काहींनी पहिल्या दिवसापासून सुधारणेचा अजेंडा धरला: गुण वाढव, मित्र बदल, मोबाइल सोड. पहिल्या प्रकारच्या बहुतेक जोड्या पुढे चालू राहिल्या, दुसऱ्या प्रकारच्या बहुतेक मोडल्या. आपल्या समाजात वडीलधाऱ्याने उपदेश करायचा हे इतकं अंगवळणी पडलं आहे की दुसऱ्या प्रकाराचा मोह आपल्या मेंटरना जास्त होणार. बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच गणिताची वही मागतात. त्यांना थांबवणारं कोणी हवं.

जोडी लावताना आवडीनिवडींचा विचार जरूर करावा, पण आधी नकाशा पाहावा. मेंटर इंदिरानगरला आणि मुलगा म्हसरूळला असेल तर सिटीलिंकच्या दोन बस बदलून रविवारी येणं पहिले चार आठवडे होतं, पाचव्या आठवड्यात पाऊस येतो. अर्ध्या तासाच्या आतला प्रवास हा आमचा पहिला निकष असेल. मग दोघांच्याही मोकळ्या वेळा जुळणं, मग भाषा, मग आवड. मुलींना स्त्री मेंटर आणि मुलग्यांना पुरुष मेंटर, हे आजच्या परिस्थितीत पालकांच्या विश्वासासाठी गरजेचं आहे. पुरुष स्वयंसेवक सहसा मागे राहतात. मुलग्यांची प्रतीक्षायादी लांबेल. ती लांबू द्यावी. घाईने लावलेल्या जोडीपेक्षा थांबलेलं मूल सुरक्षित असतं.

पहिली भेट मुलाच्या घरी किंवा वसतिगृहात, समन्वयक आणि पालक किंवा गृहपाल यांच्यासमोर व्हावी. तिथेच एक पानी करार वाचून दाखवावा: वार, वेळ, जागा, येता येणार नसेल तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोणी कोणाला फोन करायचा, महिन्यातून किमान चार तास, किमान एक वर्ष. भेटीची जागा लोकांच्या नजरेतली हवी: शाळेचा व्हरांडा, वाचनालय, गोदापार्क, पांडवलेण्यांच्या पायथ्याचं वनोद्यान. मेंटरचं घर नको, मोटार नको, अंधार पडल्यावर नको. पैसे द्यायचे नाहीत, उसनेही नाहीत. मुलाचा फोटो समाजमाध्यमांवर टाकायचा नाही, स्टेटसला ठेवायचा नाही. धर्मप्रचार आणि पक्षाचं काम यांपैकी काहीही या नात्याच्या आडून करायचं नाही. नियम कडक वाटतात. पण ते पहिल्याच दिवशी पालकांसमोर वाचले गेले की पुढे नाही म्हणताना मेंटरला अवघडल्यासारखं होत नाही. 'संस्थेचा नियम आहे' एवढं म्हणून सुटता येतं.

प्रत्यक्ष भेटीत काय होतं, ते जवळून पाहिलं तर समन्वयक का लागतो हे लक्षात येतं. अकरावीतल्या मुलाचा महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्ती अर्ज घ्या. जातीचा दाखला आहे, पण त्यावरचं वडिलांचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक आहे. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा, ३१ मार्चला संपलेला. नव्यासाठी तलाठ्याचा अहवाल, म्हणजे गावाला एक खेप. बँक खातं आहे पण ते आधारशी जोडलेलं नाही, त्यामुळे अर्ज मंजूर झाला तरी पैसे जमा होणार नाहीत. आणि ओटीपी जातो वडिलांच्या मोबाइलवर, जे दिंडोरीच्या द्राक्षबागेत कामावर आहेत आणि दुपारी फोन उचलत नाहीत. इथे उत्साही मेंटर काय करतो? मुलाची फाइल स्वतःच्या हातात घेतो, सेतू केंद्रात ओळखीच्या माणसाला फोन लावतो आणि दोन दिवसांत काम करून देतो. अर्ज भरला जातो. पण पुढच्या वर्षी नूतनीकरण आलं की तो मुलगा पुन्हा तिथेच उभा. नीट शिकलेला मेंटर फाइल मुलाच्या हातात ठेवतो, रांगेत त्याच्या मागे उभा राहतो, खिडकीवर काय विचारायचं हे आधी दोनदा म्हणून घेतो आणि बोलायला त्यालाच लावतो. ओटीपीसाठी वडिलांना कोणत्या वेळी फोन करायचा हे मुलानेच ठरवायचं. वेळ तिप्पट जातो. बाहेर आल्यावर तो मुलगा दुसऱ्या मित्राला दाखला कसा काढायचा हे सांगू शकतो, आणि यासाठीच तर हा सगळा खटाटोप आहे. पहिल्या मेंटरला दुसऱ्यासारखं वागायला कोण शिकवणार? महिन्यातून एकदा फोन करून 'मागच्या भेटीत काय केलंत, सांगा बरं' असं विचारणारा माणूस.

त्या फोनचा हिशेब मांडू. समन्वयकाकडे तीस जोड्या आहेत. प्रत्येक जोडीमागे महिन्यात तीन फोन: मेंटरला, मुलाला आणि पालकाला किंवा गृहपालाला, तिघांना वेगवेगळे. पहिल्या महिन्यात तेच दोनदा. फोन आणि त्याची नोंद मिळून वीस मिनिटं धरली तर ९० फोनांचे तीस तास होतात. त्यात आठवड्याला दोन ठिकाणी न कळवता जाऊन भेट पाहणं, नव्या मुलाखती, शाळा-वसतिगृहांशी बोलणं, मेंटरांची दीड तासाची महिन्याची बैठक, आजारी पडलेल्या किंवा बदली झालेल्या मेंटरच्या जागी पर्याय, हे सगळं मिळवा. पूर्ण वेळ माणूस पुरेपूर लागतो. नोकरी सांभाळून संध्याकाळी हे 'बघून घेऊ' म्हणणाऱ्याच्या हातून पहिल्यांदा सुटतो तो मुलाला करायचा फोन, कारण मूल तक्रार करत नाही.

फोन तिघांना वेगवेगळा का, तेही सांगतो. मेंटर म्हणतो, भेटी नियमित चालू आहेत. मूल म्हणतं, सर मागचे दोन रविवार आले नाहीत. आई म्हणते, तुमच्या सरांनी त्याला महागडे बूट घेतले, आता तो आमचं ऐकत नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, आणि तिन्ही ऐकल्याशिवाय काय बिघडलं ते कळत नाही. आईची नाराजी ही जोडी तुटण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक. आपल्या पोराला बाहेरचं माणूस आपल्यापेक्षा जवळचं वाटायला लागलं, ही वेदना आहे आणि तिला मान दिला पाहिजे. मेंटरने आईशी दर महिन्याला दहा मिनिटं बोलावं, मुलाच्या चांगल्या गोष्टी तिच्या कानावर घालाव्यात, निर्णय तिच्याकडेच राहू द्यावेत.

सहाव्या ते आठव्या आठवड्यात बहुतेक मेंटर खचतात. मुलगा एका शब्दात उत्तरं देतो, मोबाइल बघतो, 'काही नाही', 'माहीत नाही' एवढंच म्हणतो. मेंटरला वाटतं आपला काही उपयोग नाही, आपण त्याचा रविवार खातोय. ज्या मुलाने मोठ्या माणसांकडून फक्त चौकशी आणि रागावणं अनुभवलं आहे, तो हे माणूस किती दिवस येतंय हे पाहत असतो. नेमक्या या आठवड्यात कोणी पाठीवर हात ठेवला तर जोडी वाचते. कॅरम, सायकलची पंक्चर काढणं, गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, आठवडे बाजार फिरणं, असं हाताला काम देणारं काहीतरी सुचवावं. समोरासमोर बसून 'बोल' म्हटलं की कोणीच बोलत नाही.

इथल्या हंगामाचं भान बाहेरून आणलेल्या कोणत्याच पुस्तिकेत नसतं. द्राक्षाची गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) सुरू झाली की पेठ-सुरगाण्याची कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे कामाला येतात, जानेवारीपासून काढणी. सुट्टीत, कधी शाळा चालू असतानाही, मुलगा बागेत जातो. भेटी बंद पडतात आणि मेंटर समजतो की मुलाला गरज उरली नाही. समन्वयकाला हे आधी माहीत असेल तर तो सप्टेंबरातच दोघांना बसवून त्या महिन्यांत रविवारी रात्री आठ वाजता फोन असं ठरवून देतो. दिवाळी, दहावी-बारावीच्या परीक्षा, मे महिन्यात गावाला जाणं, या प्रत्येक खंडाआधी तारीख लिहून घ्यावी: पुढची भेट कधी. तारीख न ठरवता झालेली सुट्टी बऱ्याचदा कायमची होते.

सुरक्षेचा मुद्दा तर पगारी माणसाशिवाय सुटतच नाही. दिल्ली सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये 'देश के मेंटर' ही योजना आणली. नववी ते बारावीच्या सरकारी शाळांतल्या मुलांना देशभरातले स्वयंसेवक फोनवरून मार्गदर्शन करणार होते आणि नोंदणी अॅपवरून होती. काही महिन्यांतच राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने मुलांच्या सुरक्षिततेतल्या त्रुटी दाखवून, त्या दूर होईपर्यंत योजना थांबवावी अशी शिफारस केली. त्या वादातलं राजकारण बाजूला ठेवलं तरी मूळ प्रश्न रास्त होता: अनोळखी प्रौढ आणि अल्पवयीन मूल एकटे बोलत असताना तिसरं कोण लक्ष ठेवतंय? मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करायची आहे. स्वयंसेवकांनाही तोच निकष लावावा, कारण मुलासोबत एकटा तोच असतो. कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अत्याचाराची माहिती किंवा तशी शंका असेल तर पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत आणि आपल्या हाताखालच्या माणसाबाबत गप्प राहणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'तुझं गुपित माझ्याजवळच राहील' असं वचन मेंटरने कधीच देऊ नये. 'तुला किंवा कोणाला धोका असेल तर मला सांगावं लागेल, बाकी माझ्याकडेच राहील' असं पहिल्या भेटीतच सांगावं. आणि १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर, मेंटरच्या नंबरच्या वर लिहून द्यावा.

महाविद्यालयांकडे पाहून पुष्कळांना वाटतं की राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं आहेत, त्यांना लावू. वर्षाला १२० तास त्यांना भरायचे असतातच. आम्हाला हा पर्याय मुलांसाठी धोक्याचा वाटतो. तास भरले, प्रमाणपत्र मिळालं, मार्चमध्ये परीक्षा आली की भेटी संपतात. म्हणजे जोडीचं आयुष्य सात-आठ महिने. विद्यार्थी घ्यायचेच असतील तर प्रथम वर्षाचे घ्यावेत, दोन वर्षांसाठी, आणि प्रमाणपत्र निरोपाची भेट झाल्यावरच द्यावं. वृक्षारोपण, गोदा स्वच्छता ही कामं तासांत मोजता येतात. हे येत नाही.

आता पैशाचा प्रश्न. समन्वयकाला महिन्याला २८ हजार, प्रवास आणि फोन चार हजार, प्रशिक्षण, पडताळणी, जागा, मुलांच्या प्रवासभाड्यासाठी मिळून वर्षाला ६५-७० हजार धरले, तर तीस जोड्यांचा वर्षाचा खर्च साडेचार लाखांच्या आसपास जातो. एका मुलामागे पंधरा हजार. सातपूर-अंबड-सिन्नर पट्ट्यात कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली येणाऱ्या, म्हणजे वर्षाला पाच कोटी नफा किंवा हजार कोटी उलाढाल किंवा पाचशे कोटी नक्त मूल्य असलेल्या कंपन्या आहेत. त्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करायचीच आहे. तरी पगार म्हटलं की उत्तर ठरलेलं: 'आम्ही पगाराला पैसे देत नाही, प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे.' हा गैरसमज आहे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभाराच्या खर्चावर आहे. विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च प्रशासकीय खर्चाच्या व्याख्येतूनच वगळलेला आहे. समन्वयक ही या प्रकल्पाची अंमलबजावणीच आहे. उलट कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची पैशात किंमत काढून ती सीएसआरमध्ये दाखवता येत नाही, हे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा कंपनीने माणसंही द्यावीत आणि पैसेही द्यावेत. एक दिवसाच्या 'व्हॉलंटिअर डे'ला टी-शर्ट घालून वस्तीत येण्यापेक्षा त्याच कंपनीचे सहा कर्मचारी वर्षभर सहा मुलांना भेटले आणि कंपनीने समन्वयकाचा पगार उचलला, तर तिच्या पैशाचं खरं काम होईल. करार मात्र तीन वर्षांचा हवा. दर मार्चला 'नूतनीकरण होईल का' या चिंतेत असलेला समन्वयक स्वतःच जूनमध्ये दुसरी नोकरी धरतो आणि तीस जोड्या एकदम उघड्या पडतात.

कोणी म्हणेल, एवढा खर्च करून परिणाम किती? प्रामाणिक उत्तर असं की सरासरी परिणाम मध्यम आहे, चमत्कार नाही. अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या २००२ आणि २०११ च्या दोन मोठ्या विश्लेषणांत तेच दिसलं. २००२ च्या विश्लेषणात आणखी एक गोष्ट होती: निवड, प्रशिक्षण, देखरेख, ठरलेली वारंवारता या पद्धती जिथे जास्त पाळल्या, तिथे परिणाम जास्त. मेंटर ना शिक्षकांची रिक्त पदं भरून काढू शकत, ना समुपदेशकाची, ना बापाची थकलेली मजुरी. तसा दावा करणाऱ्यांपासून सावध राहावं. पण शिक्षक भरती झाल्यावरही त्या मुलीला खिडकीपर्यंत सोबत येणारं माणूस लागणारच आहे.

मग सुरुवात लहान करावी. एक समन्वयक, एक वसतिगृह, एक वस्ती, तीस जोड्या. पहिल्या वर्षी त्याहून एकही जास्त नाही, देणगीदाराने कितीही आग्रह केला तरी. समन्वयक एप्रिलमध्ये नेमावा, मे-जूनमध्ये मुलाखती आणि पडताळणी, जुलैत प्रशिक्षण, पंधरा ऑगस्टच्या आसपास पहिल्या भेटी. २०२७ ला मात्र हे वेळापत्रक चालणार नाही. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या पर्वण्यांना (मुख्य स्नानाच्या दिवशी) रस्ते बंद राहतील, बस वळवल्या जातील, पंचवटीतल्या मुलाला सातपूरला पोचता येणार नाही. त्या वर्षी एक तर नोव्हेंबरपासून सुरू करावं, नाहीतर आधीच चालू असलेल्या जोड्यांना जुलैतच पर्वण्यांच्या तारखा देऊन त्या आठवड्यांपुरती फोनची वेळ ठरवून घ्यावी. निरोपाचंही तसंच. मेंटर थांबणार असेल तर शेवटच्या भेटीच्या आधी दोन महिने मुलाला सांगायचं, कारण सांगायचं, 'तुझ्यामुळे नाही' हे शब्दांत म्हणायचं, शेवटच्या भेटीला समन्वयकाने हजर राहायचं आणि पुढे फोन करायचा की नाही हे तिघांनी मिळून तिथेच ठरवायचं. त्या भेटीची नोंद झाल्याशिवाय समन्वयकाने त्या मुलाची फाइल बंद करू नये, आणि मेंटर निरोप न घेता गायब झाला असेल तर त्याच्या वतीने समन्वयकाने स्वतः मुलाकडे जावं, त्याच आठवड्यात.